सरप नाही, शिंगी

धानाच्या रोवणीचे दिवस आले की आमच्या भंडारा जिल्ह्यात साप चावल्याच्या केसेस सुरूच होतात, त्यामुळे त्या दुपारी चार-पाच बायका एकीला उचलून आणत आरोग्य केंद्रात शिरल्या तेव्हा मी आधीच सलाईनचं सामान काढायला घेतलं. "मॅडम, सरप डसला जी, बांधीत हात घातला अन् डसलाच!" बांधी म्हणजे धानाचं शेत. ती बाई अंगठा धरून इतकी ओरडत होती की बीपी पण घेता येईना.

जखम धुतली तर एकच भोक, कडेला फाटल्यासारखं. पण नुसत्या खुणेवर विसंबता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, गोठतं का ते 20 मिनिटांनी बघायचं, कारण काही सापांच्या विषानं रक्त गोठत नाही.

तेवढ्यात तिचा नवरा बादली घेऊन आला. साप शोधायला गेलेल्यांना बांधीत हा मासा सापडला म्हणे. वीतभर, काळपट, खवले नाहीत, तोंडाशी चार जोड्या मिशा. माझे बाबा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरायचे, मी लहानपणापासून टोपलीशी बसलेली, त्यामुळे नजर आधी पाठीवर गेली. मरळीचा पंख पाठभर असतो, मांगूरचाही. ह्याचा पाठीवर नखाएवढा, अन् पोटाखाली मात्र शेपटीपर्यंत लांब झालर. शिंगीच! छातीच्या दोन पंखांना पुढून एकेक काटा असतो, घाबरली की ताठ उभा करते, मग दाबला तरी बसत नाही, अन् विष त्याच काट्यावर.

डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मासा बघितला अन् लगेच गरम पाणी मागवलं. साधारण 45 डिग्री, तिच्या दुसऱ्या हाताला सोसवेल एवढंच, कारण दुखणाऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. उष्णतेनं हे विष निकामी होतं. निवलं की बदलत राहिले. अर्ध्या तासात तिचं ओरडणं कण्हण्यावर आलं, अन् मग ती पहिल्यांदा नीट बोलली, "मॅडम, पोट्टी घरी एकटीच आहे जी." माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

नळीतलं रक्त घट्ट गोठलेलं होतं. तरी डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अन् जागा बधिर करून चिमट्यानं काट्याचं टोक काढलं. तांदळाच्या कणीएवढं, कडेला बारीक दाते. मी ते कापसावर ठेवून तिला दाखवलं, ती कितीतरी वेळ बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आली तेव्हा आठवडाभर चिखलात हात घालू नको म्हटलं. "रोवणी थांबते का जी?" म्हणाली. मग मी हातमोज्यांची एक जोडी तिच्या पिशवीत टाकली.