पुढचं ग्रहण कधी?

परवा दुपारी जिन्यातल्या जाळीतून भिंतीवर कवडसे पडले होते. जाळीची बारीक भोकं चौकोनी, कवडसे मात्र गोल. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच एकेक चित्र. ग्रहणात या सगळ्यांच्या एकदम कोरी होतात. ते आठवलं आणि भाजीची पिशवी पायरीवर टेकवून मी मोबाइलवर पुढची ग्रहणं शोधत बसलो.

ही माझी जुनी खोड. नवं पंचांग घरात आलं की लोक मुहूर्त बघतात, मी ग्रहणांचं पान काढतो. ‘भारतात दिसणार नाही’ असं वाचलं की भावकीतल्या लग्नाचं आमंत्रण न आल्यासारखं वाटतं.

हे सगळं १६ फेब्रुवारी १९८० पासूनचं. खग्रासचा पट्टा खाली कारवारावरून गेला. आम्ही कोल्हापुरात, आणि आईनं भर दुपारी खिडक्या लावून घेतलेल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र. आजीनं परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं होतं. ते पडलं की ग्रहण सुटलं! आम्ही पोरं सूर्य सोडून मुसळाकडे बघत बसलो. मुसळ एरवीही उभं राहतं, हे पुढे कॉलेजात गेल्यावर मी आजीला करून दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता पुसून जागेवर ठेव.”

तर, २ ऑगस्ट २०२७. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास. आपल्याकडे दुपार कलल्यावर नुसता एक चतकोर, तोही ढगांनी परवानगी दिली तर. ऑगस्टात आपल्याला आख्खा सूर्य दिसला तरी पुष्कळ. त्यातून आषाढी अमावास्या आणि सोमवार, म्हणजे गटारी आदल्या रविवारीच उरकावी लागणार.

खरी मजा ३१ डिसेंबर २०२८ ला. खग्रास चंद्रग्रहण, रात्री दहा-साडेदहाला चंद्र तांब्यासारखा, आणि मोक्ष बारा वाजून गेल्यावर. वेध दुपारपासूनच. आमच्या गच्चीवर थर्टीफर्स्टची पावभाजी असते. वहिनींना आत्ताच सांगून ठेवलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, “पातेल्यात तुळशीचं पान टाकलं तर चालतं ना?” मी म्हटलं, कोथिंबिरीत कळणारही नाही.

आणि मग २० मार्च २०३४, पाडव्याच्या तोंडावर. खग्रासचा पट्टा लडाखवरून जाणार आहे. आपल्याच देशात, व्हिसाबिसा काही नको. संध्याकाळी आईला तारीख सांगितली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, मोजणं मध्येच सोडून दिलं.

“थंडी फार असेल तिकडे,” म्हणाली. मग जरा वेळानं, “तू मात्र जाऊन ये. डोळ्यांना ते काय लावतात ते लावून.”