साहेबांची गाडी किती देते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे विचारणारे तुम्ही एकटेच नाही. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला कराडच्या पंपावर, कोयनानगरच्या चहाच्या टपरीवर, चिपळूणला सासरच्या अंगणात, प्रॅक्टिकल परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी आणि एकदा तर चक्क दहाव्याच्या जेवणात विचारलाय. "नेक्सॉन ना? डिझेल? ॲव्हरेज किती देते?" पंपावरच्या मुलाची तऱ्हा थोडी वेगळी. स्टिअरिंगवर मी असते, शेजारी नवरा. तो मुलगा खिडकीत वाकतो आणि माझ्या पलीकडे बघत म्हणतो, "साहेबांची गाडी किती देते?" साहेबांनी लायसन्स काढलंय, पण काढल्या दिवसापासून ते पाकिटातून बाहेर आलेलं नाही.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. 'किती देते' याचं उत्तर एका आकड्यात द्यायला जीभ वळत नाही. कुठे, कोणाला, किती माणसं बसवून, एवढं तरी विचारा ना.

कंपनीचा आकडा होता लिटरला २१.५. तो खोटा नाही, पण तो कुठून येतो ते एकदा समजून घ्या. पुण्यात कोथरूडला वेताळ टेकडीच्या उतारावर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. गाड्यांच्या ॲव्हरेजपुढे 'एआरएआय प्रमाणित' असं लिहितात, ती हीच. असल्या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गाडी पळवतात. वीस मिनिटांच्या आत खेळ खलास, जेमतेम साडेदहा किलोमीटर, वेग फार तर ९०. एसी बंद. समोर एसटी नाही, रस्त्यात म्हैस नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या पायाशी कोकमाच्या बरण्या नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. पण त्यावरून घरचं बजेट मांडू नका.

माझा रस्ता कराड-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट-चिपळूण. शंभरेक किलोमीटर, महिन्यातून एकदा तरी. जाताना गाडी मला बावीसच्या आसपास देते आणि येताना सोळा-सतरा. तीच गाडी, तोच पाय, तोच रस्ता. पहिल्या वर्षी मलाही वाटलं, चिपळूणच्या डिझेलमध्येच काहीतरी आहे. मग एका ऑफ तासाला फळ्यावर गणित मांडलं आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण हेच गणित मी दरवर्षी अकरावीला घालते.

गाडी साधारण तेराशे किलो. पाच माणसं आणि सामान धरून सतराशे. चिपळूणहून घाटमाथ्यापर्यंत हे सगळं वजन साधारण सहाशे मीटर वर उचलायचं. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे जवळपास एक कोटी ज्यूल. लिटरभर डिझेलमध्ये साडेतीन कोटी ज्यूल असतात, पण इंजिनच्या हाती त्यातला फार तर तिसरा हिस्सा लागतो, बाकीचा धुरातून आणि रेडिएटरमधून जातो. थोडक्यात, नुसतं वर चढायला पाऊण ते एक लिटर डिझेल. पुढे सरकायचं डिझेल वेगळंच. घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडली की डॅशबोर्डवरचा आकडा नऊ-दहावर घसरतो तेव्हा गाडीत बिघाड नसतो, गाडी तुम्हाला खांद्यावर घेऊन डोंगर चढत असते.

मग उतरताना हे डिझेल परत मिळतं का? थोडंसं मिळतं, पण गिअरमध्ये राहिलात तर. इथे आमच्या घरात दरवेळी वाद होतो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, यांनी उमेदीची वीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. घाट उतरायला लागला की ते शेजारून म्हणतात, "न्यूट्रल कर, फुकट जाईल." त्यांच्या पद्मिनीत त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कार्ब्युरेटरची गाडी, गिअरमध्ये ठेवून पाय काढला तरी इंजिन फिरत राहतं आणि पेट्रोल ओढत राहतं. आताच्या गाडीत डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरवर कॉम्प्युटरची नजर असते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याला कळतं, चाकंच इंजिन फिरवताहेत, आणि तो डिझेल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलंत तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडं थोडं डिझेल पाजत राहावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं, आणि वर सगळा भार ब्रेकवर. सतराशे किलोंचे ते एक कोटी ज्यूल ब्रेकच्या तबकड्यांमध्ये उष्णता होऊन उतरतात. तबकड्या तापल्या की ब्रेक मऊ लागतो, आणि ते कळण्याची जागा घाटातलं शेवटचं वळण ही नसावी. मी तिसऱ्यात उतरते. अण्णा गिअरकडे बघतात, मग दरीकडे बघतात.

आता ताकदीचं. जाहिरातीत पहिल्यांदा अश्वशक्ती सांगतात. माझ्या गाडीची ११०, आणि तेव्हाच्या पेट्रोल नेक्सॉनचीही ११०च. मग फरक कशात? टॉर्कमध्ये. डिझेलचा २६० न्यूटन-मीटर, पेट्रोलचा १७०. विद्यार्थ्यांना मी पान्याचं उदाहरण देते. एक मीटर लांब पाना नटाला लावा आणि टोकाला सव्वीस किलोचं वजन टांगा, हा डिझेलचा पीळ. पेट्रोलला तिथे सतराच किलो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझ्या इंजिनात हा सगळा पीळ मिनिटाला १५०० फेऱ्यांनाच हाती येतो आणि २७५० पर्यंत टिकतो. कुंभार्लीच्या आडव्या वळणावर वरून ट्रक येतोय, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रांगताय, तेव्हा गाडी किंचाळल्याशिवाय वर जाते ती याच्या जोरावर. १५०० च्या खाली मात्र हे टर्बो इंजिन सुस्तच. धुराच्या झोताने टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा ढकलतं, झोतच कमी तर ते फिरणार कसं? म्हणून वळणाच्या आधीच गिअर खाली घ्यावा, वळणात शिरल्यावर नाही. इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड गाडीत आहेत. मी सपाटीला इको लावते आणि घाटात सिटी. स्पोर्ट लावण्याचं काम मुलगा करतो, गुपचूप.

बाकी वैशिष्ट्यांबद्दल लोक फार विचारतात, पण मला त्यातली दोनच रोज आठवतात. एक म्हणजे जमिनीपासूनची उंची, २०९ मिलिमीटर. जुन्या हॅचबॅकचं पोट सासरच्या वाडीतल्या जांभ्याच्या उंबरवट्यावर दरवेळी खरवडायचं, हिचं नाही. दुसरं, मागची ३५० लिटरची डिकी. मे महिन्यात आंब्याच्या चार पेट्या, एक फणस आणि आमच्या बॅगा त्यात बसवणं ही कला आहे, पण जमते. (फणस शेवटी नवऱ्याच्या पायाशी येतो, ते सोडा.)

डिकी याहून मोठी का नाही, यामागे एक गंमत आहे. माझी गाडी ३९९४ मिलिमीटर लांब आहे. चार मीटरला सहा मिलिमीटर कमी, पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही थोडं कमीच. इंजिन १४९७ सीसी, म्हणजे दीड हजाराला तीन कमी. हा योगायोग नव्हे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं, आणि लहान म्हणजे काय तर चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या या पट्टीने कापून शिवल्या जातात. अण्णांच्या लाडक्या प्रीमियरनेच २००९ मध्ये रिओ नावाची चार मीटरच्या आतली एसयूव्ही आणली होती. फारशी चालली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि लोकांना या प्रकाराची चटक लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही रेघ तीच राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. तर कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं मागचं अंग असं तोडल्यासारखं का दिसतं असं कोणी विचारलं, तर सांगा, करासाठी.

आणि 'एसयूव्ही' या अक्षरांनी फार हुरळूनही जाऊ नका. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, फोर बाय फोर नाही. ओल्या तांबड्या मातीच्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि आपण चपला हातात घेऊन ढकलायला उतरतो. पाण्याचं तर विचारूच नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा उंच गाड्यासुद्धा छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर दिराच्या एका मित्राने, "गाडी तर बाहेरून ठीक दिसतेय," म्हणत चावी फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला, आणि जे काम साफसफाईत निभावलं असतं ते इंजिन उतरवण्यावर गेलं. बुडालेली गाडी सुरू करायची नाही, टोचन लावून न्यायची. त्याला हे आधी सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून इथे सांगतेय.

सुरक्षेचा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. मी ही गाडी घेतली ती त्याच कारणासाठी. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१८ च्या ऑगस्टमध्ये नेक्सॉनला चार तारे मिळाले होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुधारित गाडीला पाच. भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला मिळालेले ते पहिले पाच तारे. लहान मुलांसाठी मात्र तीनच होते, हेही लक्षात ठेवावं. गाडी रांजणगावच्या कारखान्यात बनते, महागणपतीच्या गावात. घेतल्यावर आम्ही पूजेला तिथेच गेलो. अण्णा म्हणाले, "माहेरी आणलीस होय तिला." मागच्या सीटवरचे पट्टे लावायला लावते म्हणून माझी सासरी 'मास्तरीण' अशी ख्याती आहे. असू दे.

ॲव्हरेज स्वतः मोजायचं असेल तर टाकी भरून टाकी मोजा. नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबलं की थांबायचं. "मॅडम, राउंड फिगर करू?" याला ठाम नाही म्हणायचं. किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तसंच भरा आणि भागाकार करा. पण एका टाकीवर भरवसा ठेवू नका. मला एकदा २७ आलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून झालं, चहाही मी पाजला. पुढच्या टाकीला आलं १५. डिझेलला फेस येतो, नोझल कधीकधी फेसालाच फसून लवकर बंद होतं. टाकी भरलीच नव्हती. पाच टाक्यांची बेरीज करा, मग बोला.

माझी सगळ्या वर्षांची बेरीज अठराला येते. कराडात गल्लीबोळात चौदा, पुण्याच्या हायवेला ऐंशीच्या वेगाने एकवीस. समृद्धीवर एकदा १२० ने गेले तर सोळाच्याही खाली आली, आणि त्यातही नवल नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १२० केलेत की तो सव्वादोन पट होतो. त्यात ही गाडी कपाटासारखी उभी.

मग तुम्ही डिझेल घ्यावी का? शाळा, बाजार आणि बँक एवढंच फिरायचं असेल तर नको, मी स्पष्टच सांगते. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि सलग चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझी गाडी त्याआधीची, बीएस-४, म्हणून माझ्या अनुभवावरून तुमचा निर्णय घेऊ नका.

तेव्हा आधी तीन गोष्टी ठरवा. महिन्याला किती किलोमीटर, त्यात घाट किती, आणि गाडीत बहुतेक वेळा माणसं किती. ते सांगितलंत तर मी कागदावर हिशेब मांडून देईन. फोन संध्याकाळी सातनंतर करा, तोवर क्लास असतो. आणि साहेबांना नको, मला करा.