सही कुणाची?

कळव्यातल्या एका जोडप्याकडे फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न देता तात्पुरतं सांभाळायला, असलेल्या ९ वर्षांच्या मुलाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. त्याला सांभाळणाऱ्या ताईंनी रुग्णालयाच्या काउंटरवर मूल सोपवल्याचा बाल कल्याण समितीचा आदेश ठेवला, लॅमिनेट करून आणलेला. (ज्यांची प्रकरणं मी पाहते त्या सगळ्यांना लॅमिनेट करू नका म्हणून सांगते, त्यावर पुढे शेरा, शिक्का काही बसत नाही.)

"आधारवर आईचं नाव वेगळं आहे. मग संमतीवर सही करायला कायदेशीर पालक कोण?" क्लार्कने विचारलं.

प्रश्न रास्त होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४४ शिक्षण, आरोग्य, पोषण यांची जबाबदारी या जोडप्यावर टाकतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी महिना ४,००० रुपये मिळतात. पालकत्व मात्र मिळत नाही. आई व्यसनमुक्ती केंद्रात आहे. मुलावरचा हक्क तिने सोडलेला नाही.

वाट कायद्यातच आहे. मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याला समिती पालक म्हणून मान्यता देऊ शकते, कलम २(३१). अर्ज केला, सोबत सर्जनचं पत्र जोडलं: निदान, भूल कुठली, लांबलं तर धोका काय. आईने हरकत नसल्याचं लिहून दिलं. अंतिम आदेशाला किमान ३ सदस्य हजर लागतात आणि गाडी अडते ती तिथेच. जिवावर बेतलं तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. अडतं ते असं ठरवून करायचं ऑपरेशन. मूल सोपवतानाच्या आदेशात 'उपचारांना संमती देण्याचा अधिकार' एवढी एक ओळ घातली तर हे सगळं टळतं. पण आदेश निघतात ठरलेल्या मसुद्यावर, नाव आणि वय बदलून.

शेवटी सही ताईंचीच झाली. ऑपरेशनच्या दिवशी आईही आली. समितीने मनाई केली नसेल तर भेटीचा हक्क तिला आहेच. ताईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, रात्री जागायचं आम्ही आणि उद्या ही सुधारली की घेऊन जाणार?"

हो. समितीला आई सक्षम वाटली तर मूल परत जातं. फार तर ३० दिवसांत अपील करता येतं, तेही जिल्हाधिकाऱ्यांकडे. कलम १०१ मधला हा अपवाद वकिलांनाही ठाऊक नसतो, ते बाल न्यायालय गाठतात. ताईंना तर गृहभेटीत कुणीतरी 'दोन वर्षांनी दत्तक मिळेल' असं सांगून ठेवलेलं. तो नियम दत्तकासाठी कायद्याने मुक्त झालेल्या, म्हणजे आईवडिलांचा हक्क न उरलेल्या, मुलांचा. कोण बोललं, ते फाइलमध्ये अर्थातच नाही. दर महिन्याच्या पाहणीच्या नमुन्यात मुलाचं वजन, शाळा सगळं भरतो. ताईंच्या या प्रश्नाला रकाना नाही. मी शेऱ्यात लिहिलं.

मूल ताईंकडे ठेवण्याच्या मुदतवाढीच्या आदेशात संमतीची ती ओळ आली. त्यानंतर दिवा भागातल्या एका मुलीचा आदेश निघाला, जुन्याच मसुद्यावर. पुन्हा अर्ज टाकलाय.