साडेसात टक्के म्हणजे नक्की कोणाचे साडेसात टक्के?

शनिवार, रात्र

लेकीची, मनूची कॉलेजांची यादी अजून ठरत नाहीये आणि अर्जांची पहिली तारीख, एक नोव्हेंबर, डोक्यावर आलीय. आज मंडळाच्या दिवाळीत जो भेटेल तो हेच विचारत होता, कुठे अप्लाय करतेय, आणि मी विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल, कार्लटन अशी छोट्या, मुख्यतः पदवीपुरत्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची नावं घेतली की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'अरेरे, रटगर्सला पण होत नाहीये वाटतं' असे भाव (रटगर्स म्हणजे आमची इथली, न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी). एका काकूंनी तर माझा हात हातात घेऊन धीर दिला, अगं काही नाही, दोन वर्षांनी ट्रान्सफर घेता येते. आईला परवा फोनवर सांगितलं तर म्हणे हार्वर्ड ऐकलंय, हे कुठलं नवीन काढलंस. नवीन कसलं डोंबलाचं, विल्यम्स १७९३ सालचं आहे, पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते तेव्हाचं.

बरं ज्यांना ही नावं माहीत असतात ते लगेच पुढचा प्रश्न टाकतात, चान्स किती? आणि इथे माझी पंचाईत होते, कारण मी दिवसभर ऑफिसात प्रोबॅबिलिटीच करते, क्लिनिकल ट्रायलचे आकडे, आणि नेमकं त्यामुळेच मला या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. मैत्रिणीच्या आग्रहाखातर एका कन्सल्टंटशी बोललो होतो, त्याने मनूचे मार्क, एसएटी, बॅडमिंटन, लायब्ररीतलं व्हॉलंटिअरिंग सगळं एका फॉर्ममध्ये भरलं आणि सांगितलं, ६२ टक्के. एका विशिष्ट कॉलेजसाठी! जिथे शंभरातल्या नव्वदांना नाही म्हणतात तिथे ६२. मी विचारलं हा आकडा कशावरून काढला, तर म्हणे आमचं मॉडेल आहे. फी मात्र त्याने अगदी खऱ्या आकड्यात सांगितली.

आपलं सगळ्यांचं डोकं कटऑफवर वाढलेलं. मागच्या वर्षीची लिस्ट समोर ठेवायची, आपले मार्क बघायचे, बोट खाली सरकवत जायचं, जिथे बसतंय तिथे बसायचं. नवरा सीओईपीचा, त्याला अजून पटत नाही की इथे रँक नावाचा प्रकारच नाही. आज गाडीत म्हणतो, समज प्रत्येकी आठ टक्के, दहा कॉलेजं, म्हणजे एक तरी लागायचा चान्स ५७ टक्के, चांगलं आहे की. गणित बरोबर आहे त्याचं, पण ते कधी, तर दहाही निकालांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तेव्हा. इथे तीच मार्कशीट, तोच निबंध, त्याच दोन टीचरची पत्रं दहा ठिकाणी जाणार. पहिल्या ऑफिसात जे वाचून जांभई आली ते वाचून दुसऱ्याही ऑफिसात जांभईच यायची शक्यता जास्त. त्यामुळे एक तर दोनतीन ठिकाणी होतं नाहीतर कुठेच नाही, असं बऱ्याच मुलांचं होतं, आणि मग घरात सगळे म्हणतात नशीब.

रविवार

आज सकाळपासून कॉमन डेटा सेट उघडून बसले, पोह्यांची बशी गार झाली. बरीचशी कॉलेजं दरवर्षी हा एका साच्यातला तक्ता काढतात, आणि माझ्या मते कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा यातच जास्त माल आहे. सी-१ मध्ये किती अर्ज आले, किती घेतले, किती खरंच आले, तेही मुलगे-मुली वेगळे. सी-७ मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते. सी-९ मध्ये टेस्टचे स्कोर, सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचा हिशोब, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज, आधी निकाल, पण मिळालं तर जायलाच हवं.

स्वार्थमोरचं घ्या. साधारण तेरा हजार अर्ज, त्यातल्या हजाराच्या आतबाहेर मुलांना हो, आणि वर्गात प्रत्यक्ष येतात सव्वाचारशे-साडेचारशे. म्हणजे साडेसात टक्के वगैरे. पण हे साडेसात टक्के नक्की कोणाचे? कारण त्या सव्वाचारशे जागा काही सगळ्यांसाठी सारख्या मोकळ्या नसतात. एसटी डेपोत लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून सीटा धरलेल्या असतात ना, तसं. बस रिकामी दिसते, आत चढलं की कळतं.

पहिला रुमाल खेळाडूंचा. हे मला इथे येऊन वीस वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. वाटायचं खेळावर ॲडमिशन म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिट्या, फुटबॉल, टीव्ही. पण गंमत बघा, मोठ्या युनिव्हर्सिटीत तीस हजार मुलांत काही शे खेळाडू म्हणजे काहीच नाही, आणि विल्यम्स-ॲमहर्स्टला दोन-दोन हजार मुलं पण टीम तीसच्या आसपास, त्यामुळे जवळपास एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या कॉलेज टीममध्ये. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेजांच्या खेळांतली तिसरी पातळी, स्कॉलरशिप एका पैशाची नाही, पण कोचच्या यादीत नाव असलं तर बारावीच्या आधीच्या जुलैमध्येच त्यांची कागदपत्रं ॲडमिशन ऑफिस आधी वाचून ठेवतं, प्री-रीड म्हणतात त्याला. सगळेच काही यादीतून येत नाहीत, पण बरेच येतात. मनूचं बॅडमिंटन इथे कामाचं नाही, बहुतेक कॉलेजांत ती टीमच नाही.

दुसरा रुमाल क्वेस्टब्रिजचा, कमी उत्पन्नाच्या घरातली हुशार मुलं, त्यांचा मॅच, म्हणजे कोणाला कुठलं कॉलेज, तो एक डिसेंबरला लागतो. हा रुमाल असावाच, त्याबद्दल तक्रार नाही. मग माजी विद्यार्थ्यांची मुलं, ती पद्धत ॲमहर्स्टने २०२१ मध्ये बंद केली, सगळ्यांनी नाही केली. आणि या सगळ्यांची गर्दी मुख्यतः अर्ली डिसिजनमध्ये होते, म्हणून अर्लीचा टक्का फुगलेला दिसतो.

नवऱ्याला हे कागदावर करून दाखवलं, आकडे मनातलेच. समजा अर्लीला ८०० अर्ज, २४० घेतले, ३० टक्के, वा वा. त्यातले ८० खेळाडू, ४० क्वेस्टब्रिज, हे जवळजवळ ठरलेले. ते वरून खालून काढले की उरले ६८० अर्ज आणि १२० जागा, म्हणजे पावणेअठरा टक्के. रेग्युलरला, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीला, पाचसहा टक्के असतील तर अर्लीचा फायदा आहेच, खोटं नाही, पण तीस टक्के आपल्या मुलीचे नव्हेत. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, हे लोक सरळ सांगत का नाहीत.

मुलींचं अजून एक. या छोट्या कॉलेजांना मुली जास्त अर्ज करतात, आणि वर्ग अर्धा-अर्धा ठेवायचा असतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मुलग्यांचा टक्का मुलींपेक्षा जास्त. व्हासार तर १९६९ पर्यंत फक्त मुलींचं होतं, तिथे मुलगा म्हणून अर्ज करणं आजही फायद्याचंच. हे कायद्यात बसतं कसं म्हणून शोधलं तर १९७२ च्या टायटल नाइनमधून, म्हणजे शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणाऱ्या कायद्यातून, खाजगी कॉलेजांच्या पदवीच्या ॲडमिशन वगळलेल्याच आहेत. मनूला सांगितलं तर ती म्हणे, सो आय ॲम टू मेनी. मला राग आला, तिला नाही आला, तिची पिढी वेगळी आहे.

एसएटीच्या रेंजवरही जाऊ नये. बोडनने १९६९ मध्येच टेस्ट ऐच्छिक केली, आता तर कित्येकांनी केलीये, मग ज्याचा चांगला तोच स्कोर पाठवतो आणि दिसणारी रेंज वर सरकते. १५३० वाचून घाबरायच्या आधी किती टक्के मुलांनी पाठवला ते बघावं, तेही सी-९ मध्येच असतं. शाळेच्या नाव्हियान्सवर, म्हणजे आधीच्या मुलांचे अर्ज आणि निकाल दाखवणाऱ्या साइटवर, रटगर्सचा आलेख ठिपक्यांनी काळा झालाय, कुठून कुठपर्यंत घेतात ते लहान मूलही सांगेल. आयोवातल्या ग्रिनेलला काहीच दिसत नाही, कारण आमच्या शाळेतून तिकडे कोणी जातच नाही. आणि मला वाटतं हीच चांगली बातमी आहे. स्वार्थमोरला न्यू जर्सीतून ढिगाने अर्ज, आयोवातल्या कॉलेजला आमच्या गावातून एखादाच.

सोमवार

आज ऑफिसात काम कमी होतं, डोक्यात एक जुनी गोष्ट घोळत होती, विषयाला सोडून आहे पण लिहून ठेवते. एप्रिलमध्ये विल्यम्स बघायला गेलो तेव्हा कॅम्पसवर एक छोटं स्मारक दाखवलं, हेस्टॅक मॉन्युमेंट. १८०६ मध्ये पाऊस आला म्हणून काही पोरं गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि परदेशी मिशनचं ठरवलं म्हणे. त्यातून पुढे अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था झाली, आणि याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला, तिथून अमेरिकन मराठी मिशन, आणि मग आमचं नगर! ह्यूम चर्चवरून मी लहानपणी रोज शाळेत गेले. गाइड मुलगी हे सगळं एका वाक्यात उरकून डायनिंग हॉलकडे निघाली, मी एकटीच तिथे उभी, आणि मनू लांबून 'आई, चल ना' करत होती. याने ॲडमिशनला अर्ध्या टक्क्याचाही फरक पडणार नाही हे मला माहीत आहे. निबंधात घाल म्हटलं तर मनू म्हणे ते तुझं कारण आहे, माझं नाही. बरोबरच आहे.

मंगळवार

दादाचा पुण्याहून फोन. त्याच्या ओंकारला पण कोणीतरी ही कॉलेजं सुचवलीयेत. दादाने पहिलाच प्रश्न विचारला, चान्स किती गं, तू तिथेच आहेस ना. म्हटलं दादा, तुझा प्रश्न वेगळा आहे, आधी पैसे किती भरू शकतोस ते सांग. वर्षाचा सगळा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर, आणि बाहेरच्या देशातल्या मुलाने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी तो मागण्याचा मुद्दा ॲडमिशनच्या निर्णयातच धरतात. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशाकडे न बघता निर्णय घेतात, आणि तिथे जगभरातून रांग. मग म्हटलं डेटा सेटमध्ये एच-६ बघ, परदेशी किती मुलांना मदत दिली आणि सरासरी किती ते लिहिलेलं असतं. ज्या कॉलेजने चाळीस मुलांना दिली आणि ज्याने तीन जणांना दिली, दोघांचा ॲडमिशनचा टक्का सारखा असला तरी ओंकारसाठी ती दोन वेगळी जगं आहेत. दादा म्हणाला, एवढं तर आम्हाला इथल्या क्लासवाल्याने सांगितलंच नाही. वहिनी मागून म्हणत होत्या, फर्ग्युसनच बरं.

गुरुवार

यादी झाली एकदाची. मी उलटीकडून करायला लावली, खालून वर. आधी अशी कॉलेजं जिथे नक्की होईल, परवडेल आणि जिथे ती रडत जाणार नाही. टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी), रटगर्स, वूस्टर. वूस्टरला प्रत्येक मुलाला शेवटच्या वर्षी स्वतःचा रिसर्च प्रोजेक्ट करावाच लागतो, मनूला ते फार आवडलं, आणि ते निम्म्याहून जास्त मुलांना हो म्हणतात, शिवाय गुणवत्तेवर पैसेही देतात, जे विल्यम्स-स्वार्थमोर देतच नाहीत, तिथे फक्त गरज बघतात. मग मधली, ओबरलिन, मॅकॅलेस्टर, डिकिन्सन. ओबरलिन म्हणजे अमेरिकेत मुलींना मुलांबरोबर पदवीला पहिल्यांदा घेतलं ते. वरची शेवटी, आणि वरची फक्त चार. नवऱ्याला आठ हवी होती. मी म्हटलं प्रत्येकाचा वेगळा निबंध तू लिहिणार का.

अर्लीवरून मात्र घरात दोन तट. मला स्वार्थमोर हवं होतं, खरं कारण एवढंच की दीड तासात गाडीने जाता येतं. मनूला कार्लटन. मिनेसोटा! थंडी विचारू नका. पण तिला दगडांचं वेड आहे, दर उन्हाळ्यात नगरला गेलो की घाटात गाडी थांबवायला लावते, बेसॉल्टचे थर बघत बसते, आणि कार्लटनचं जिऑलॉजी नावाजलेलं. तिथे दहा आठवड्यांच्या तीन टर्म, एका वेळी तीनच विषय, ते तिला जमेल असं मलाही वाटतं. टक्का वीसच्या आसपास, म्हणजे स्वार्थमोरच्या दुपटीहून जास्त, आणि आमच्याकडून तिकडे गर्दी कमी. मी हे सगळं मांडत होते तर ती म्हणाली, आई मला टक्क्यासाठी नकोय, मला तिथे जायचंय. मग काय बोलणार.

अर्ली म्हणजे बंधन, मिळालं तर जायलाच हवं, फक्त मदत अपुरी पडली तरच सुटका. म्हणून नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरला, आपल्याला खरा खर्च किती पडेल त्याचा अंदाज देणारा, २०११ पासून कायद्यानेच प्रत्येक कॉलेजला तो ठेवावा लागतो. आकडा आला तो दोघांनी बघितला, नवऱ्याने किचनची कामं पुढच्या पाच वर्षांसाठी रद्द केली, आणि हो म्हणालो. कार्लटनची तारीख पंधरा नोव्हेंबर आहे, तेवढीच सवड.

आता सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरच्या पैशांची माहिती द्यायचा फॉर्म, भरायचंय. त्यात दुसरीकडे कुठे घरजमीन आहे का म्हणून विचारतात, तर नगरच्या घरात माझं नाव अजून सात-बाऱ्यावर आहे की सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, आणि त्याची किंमत काय लावायची, हे दादाला विचारलं पाहिजे. तिकडे आत्ता सकाळचे साडेसात, वहिनींचा डबा चाललेला असेल. आठनंतर करते फोन.