बारोलो, ओला पुठ्ठा आणि रविवार पेठेतल्या आजी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. मी इटलीत पिएमोंतेमध्ये, ला मोर्रा नावाच्या टेकडीवरच्या गावात एका रेस्टॉरंटमध्ये वाईनचं बघतो, तेव्हा खाली आल्बा शहरात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणारी वासाची बुरशी) जत्रा चालू असते आणि जगभरातून लोक ट्रफल खायला आणि इथली बारोलो ही लाल वाईन प्यायला इकडे लोटतात. मराठी माणूस मात्र क्वचितच. त्यामुळे मागच्या सीझनला बुकिंगमध्ये ओळखीचं आडनाव दिसलं तेव्हा ते टेबल मी मागून घेतलं.

पुण्याचे नवरा-बायको आणि सोबत त्याची आई, ऐंशीच्या पुढच्या, बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "अरे बाळा, इथे मला चालेल असं काय आहे?" मांस नाही, अंडं नाही, म्हणजे इथला ताजारिन पास्ता बाद, तो तर अंड्याच्या बलकातच मळतात. मग किचनच्या हातापाया पडून त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाचा पोलेंटा लोणी घालून करवला.

मुलाने 2006ची बारोलो मागवली, सेर्रालुंगा गावची. बूच काढलं, घोटभर माझ्या ग्लासात घेतली आणि नाक घातल्या घातल्या कळलं की ही गेलेली आहे. बुचाला टीसीए नावाचं रसायन लागतं कधीकधी, बुरशी आणि क्लोरीनची संयुगं यातून ते तयार होतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं, प्यायल्याने अपाय काही नाही पण वाईनचा सगळा सुगंध गिळून टाकतं. सॉरी म्हणून बाटली उचलली तर आजी म्हणाल्या, "थांब, मला वास दे." आणि लगेच, "भिजलेला पुठ्ठा. पावसाळ्यात गोदामात खोकी भिजली की हाच वास." मी बघतच राहिलो, आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना हा वास ओळखता यायला महिने लागतात. मग कळलं की बाईंनी रविवार पेठेत नवऱ्याबरोबर आयुष्यभर काष्ठौषधींचं दुकान चालवलंय. वाईन त्या पीत नाहीत आणि पिणारही नव्हत्या.

दुसरी बाटली चांगली निघाली. डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून काचेच्या सुरईत, ओतली तर मुलाचा चेहरा पडला, "एवढी फिकी? आम्ही अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते वाईन पितो, ती कशी गडद असते." बरोबर आहे, सेत्तेमध्ये साँजोवेझे द्राक्षाबरोबर काबेर्ने सोव्हिन्यों हे गडद रंगाचं द्राक्ष असतं. बारोलो मात्र फक्त नेब्बियोलो द्राक्षाची, तसा कायदाच आहे, आणि या द्राक्षाच्या सालीत मुळात रंग कमी अन जो असतो तो टिकत नाही, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत वाईन विटकरी होते, कडेला तर चक्क नारिंगी. रंग बघून हिला हलकी समजणारे पहिल्या घोटाला फसतात. तसाच तोही फसला, गाल आत ओढले गेले, तोंड कोरडं, म्हणाला बापरे. सुनेने घोट घेऊन ग्लास सरळ लांब सरकवला. आजी शांतपणे, "हिरडा चघळल्यावर होतं तसं होतंय का रे?" अगदी तेच! दोन्हीकडे टॅनिन हे तुरट द्रव्यच, हिरड्याने चामडं कमावतात ते त्याच्यामुळेच.

मग मी मोठ्या पोटाचा ग्लास आजींसमोर ठेवला, त्यांनी हात न लावता नुसतं वाकून नाक नेलं, डोळे मिटले. "गुलाब. ताजा नाही, वाळवलेल्या पाकळ्या." थोड्या वेळाने, "ज्येष्ठमध." मग परत वाकून, "आणि रस्ता करतात तेव्हाचं डांबर, हे कुठनं आलं यात?" बारोलोबद्दल जगभर शंभर ठिकाणी छापलेलं असतं, डांबर आणि गुलाब, ज्येष्ठमधही त्या यादीत असतोच, पण यातलं काही न वाचता, एक थेंब न पिता कोणी ओळीने सांगितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

त्यांना मी सांगितलं की ही लगेच विकता येत नाही, कापणीच्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून निदान 38 महिने ठेवावी लागते, त्यातले 18 लाकडात, आणि रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62. पूर्वी सगळे हजारो लिटरच्या जुन्या पिंपांत ठेवायचे, 1980च्या दशकात तरुण उत्पादकांनी फ्रान्ससारखे 225 लिटरचे नवे बॅरल आणले आणि त्यावरून गावागावात, घराघरात भांडणं लागली. मला विचाराल तर नव्या ओक लाकडाचा व्हॅनिलाचा वास या गुलाबावर बसला की मजा जाते, मोठं पिंपच बरं (आमच्या मालकाला हे पटत नाही). गावही बघावं लागतं, आमच्या ला मोर्राची जरा मऊ, लवकर बोलायला लागते, सेर्रालुंगाची जमीन जास्त जुनी आणि चुनखडीची, तिथली वाईन कडक, वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही.

तासाभराने बारोलोत शिजवलेलं बीफ नको म्हणून मुलाने आणि सुनेने सशाचं मांस घेतलं, ताजारिनवर ट्रफलही झाली, आणि तोवर हवा लागून वाईन अशी मोकळी झाली होती की सुनेनेच ग्लास परत ओढला. तुरटपणा होताच पण आता त्याला धरायला जेवणातलं लोणी-चरबी होती, नुसती पिण्याची ही वाईनच नाही. वासात आता संत्र्याची साल आणि थोडा चामड्याचा वास. आजींना मी दर वीस मिनिटांनी ग्लास दाखवत होतो, बाकीची टेबलं माझ्या नावाने बोटं मोडत असणार! ट्रफल मात्र त्यांना पटली नाही. वेटर किसायला लागला तशा म्हणाल्या, "गॅस कुठे चालू राहिलाय का बघा, नाहीतर हिंगाचा डबा उघडा आहे." तेही खोटं नाही, गंधकाचीच संयुगं सगळीकडे. पण ग्रॅमवर पैसे घेऊन विकतो ती वस्तू, मी आपला गप्प.

निघताना मुलाने 2019च्या दोन बाटल्या घेतल्या, कस्टममधून माणशी दोन लिटर चालतात. मी बजावलं, आठ-दहा वर्षं हात लावू नका. आजी शाल सावरत म्हणाल्या, "मग आत्ताच वास दे की, तोवर मी थांबत नाही." 2019ची एक बाटली बारवर ग्लासने विकायला उघडलेली होती, त्यातली दिली. हुंगून म्हणाल्या, "गुलाब ताजा आहे हिच्यात. डांबर अजून यायचंय."