अननसाचे पान आणि आंब्याचा तक्ता

दोडामार्ग तालुक्यातील आमच्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीतून पावसाळ्यात पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम वाहून जाते. म्हणून अननसाची पाने अरुंद होऊन शेंडे वाळू लागले, तेव्हा अंदाजाने खत टाकण्यापेक्षा पानांचे पृथक्करण करून घ्यावे, असे मी ठरवले. नमुना काढणे, सुकवणे, पोहोचवणे हे सारे सुरळीत झाले. अडले ते प्रयोगशाळेच्या अर्जावर.

अर्जातील यादीत द्राक्ष, डाळिंब, आंबा होते, अननस नव्हता. 'इतर फळपीक' म्हणून नमुना घेतला गेला आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर मिळालेल्या अहवालात आकडे माझ्या पानांचे, पण शेरे आंब्याच्या प्रमाणकांच्या तक्त्यावरून दिलेले होते. पालाश १.४ टक्के, शेरा 'अतिरिक्त', कॅल्शियम १.३ टक्के, शेरा 'कमतरता'. शिफारस, पोटॅश थांबवून चुना टाकण्याची. आंब्याच्या पानाला पालाश एक टक्क्याच्या आसपास पुरते, पण अननसाच्या संपूर्ण 'डी' पानात, म्हणजे झाडावरच्या सर्वांत उंच भरणाऱ्या पानात, ते २.२ ते ३ टक्के असावे लागते. पालाश कमी पडले की अननसाच्या पानात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण वाढते, त्यामुळे माझे कॅल्शियम कमी नव्हतेच, उलट ते पालाशाच्या उणिवेकडे बोट दाखवत होते. शिवाय साडेचार ते साडेपाच सामू (पीएच) मानवणाऱ्या या पिकाला चुना घातला असता, तर लोहही मिळेनासे झाले असते. हे खिडकीवर पुन्हा पुन्हा मांडूनही 'यंत्राचा आकडा चुकत नाही' एवढेच ऐकावे लागले. आकड्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. चुकीच्या शेऱ्यावर विसंबून एखाद्याचे वर्ष वाया जाऊ शकते, याची मला आजही चीड येते.

अखेर एका निवृत्त प्राध्यापकांनी तेच आकडे पाहून पालाशाची कमतरता असल्याचे सांगितले, तेव्हा फार मोठा दिलासा मिळाला. सल्फेट ऑफ पोटॅश हप्त्याहप्त्याने दिल्यावर नवी पाने रुंद निघाली. मात्र पालाश वाढवले की पानातील मॅग्नेशियम घटते; जुन्या पानांचा उन्हातला भाग पिवळा आणि सावलीतला हिरवा दिसला, तर ते ओळखावे.

नमुन्यासाठी झाडाची सर्व पाने मुठीत धरून सरळ वर उचलावीत; सर्वांत उंच भरते ते 'डी' पान. फुलोऱ्यासाठी औषध देण्यापूर्वीच ते काढावे. संपूर्ण पान दिले की केवळ बुडाचा पांढरा भाग, हे अर्जावर आवर्जून लिहावे, कारण दोन्हींची प्रमाणके वेगळी असतात.