धाराशिव की उस्मानाबाद? घरच्या डीएनए टेस्टचा माझा अनुभव

घरबसल्या डीएनए टेस्ट करायची असेल, तर किट मागवायच्या आधी एक बघा. तुमच्या पिनकोडवरून सॅम्पल परत न्यायला माणूस येतो का? डिलिव्हरीचं विचारू नका, डिलिव्हरी सगळीकडं होते. पैसे भरलेले असतात ना! परत पाठवायची वेळ आली की कळतं आपण कुठं राहतो ते.

मला वजनाचं बघायचं होतं. माझ्या माहेरी आई, मावश्या, आत्या, सगळ्याच अंगानं भरलेल्या. सासूबाई म्हणतात, "तुमच्याकडं हाडच मोठं." म्हटलं, यात रक्तातलं किती आणि भाकरीवर घेतलेल्या शेंगाच्या चटणीचं, वरून तेलाच्या धारेचं किती, ते एकदा कळू दे.

सॅम्पल देणं सोपं. नळीत रेषेपर्यंत थुंकायचं, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. फेस धरायचा नाही, खालची पातळ लाळ मोजायची. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं, तेव्हा डोळे मिटून गाभुळलेली चिंच आठवा, काम होतं. झाकण घट्ट फिरवलं की त्यातलं औषध लाळेत उतरतं.

आता पिकअप. ॲपवर नाव नोंदवताना मी शहर लिहिलं धाराशिव. आधारवर तेच, बँकेत तेच, २०२३ पासून सरकारी कागदावरही तेच. पण कुरिअरच्या फॉर्मात ४१३५०१ टाकलं की शहराच्या रकान्यात आपोआप उस्मानाबाद यायचं आणि तो रकाना बदलता यायचा नाही. सबमिट केलं की लाल अक्षरात, पत्ता जुळत नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज, पिकअप रद्द. पुन्हा टाकलं, पुन्हा रद्द.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "मॅम, ये दोनों शहर पास-पास हैं क्या?" मी म्हटलं, बाई, इतकं पास की एकाच घरात बसून बोलतेय. तिला हसूही आलं नाही. तक्रार नोंदवली म्हणाली, नंबर दिला. पुढच्या वेळी दुसरा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. एकानं तर पर्याय सुचवला, सोलापूरच्या नातेवाइकांकडून पाठवा. थुंकी घेऊन मी एसटीनं सोलापूरला जायचं!

तोवर नळी कपाटात. बाहेर ऊन असं की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता. मला वाटायचं, गेलं सॅम्पल वाया. (त्या औषधामुळं लाळेतला डीएनए साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतो, फ्रिज लागत नाही. हे किटच्या कागदावर बारीक अक्षरात होतं. तो कागद फेकू नका.)

शेवटी एकदाचा पिकअपवाला पोरगा आला. "ताई, आत काय हाय?" मी खरं ते सांगितलं. डबा खाली ठेवला त्यानं. "लिक्विड घेत नाहीत आमच्यात. साहेब ओरडतेत." मग मीच त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या दादांनी किटमधलं डिक्लेरेशन वाचलं, आणि म्हणाले, "हे डब्यावर चिकटवा की मॅडम, आत कशाला ठेवलंय?" कंपनीकडं माझी नोंदणी फोनवरून उस्मानाबाद करून घ्यायला लावली आणि त्याच संध्याकाळी डबा गेला. सांगायचं एवढंच, जुन्या नावाचा अभिमान-अपमान नंतर बघू, फॉर्म जे नाव दाखवतो तेच आधीपासून सगळीकडं लिहा. छत्रपती संभाजीनगरवाल्यांनीही.

रिपोर्ट मेलवर आला, रंगीत, भरपूर पानांचा. वजनाच्या पानावर एफटीओ नावाचा जीन. २००७ मध्ये त्याचा लठ्ठपणाशी संबंध दिसला. आई आणि वडील दोघांकडून या जीनची जोखमीची (वजन वाढवणारी) प्रत आलेली असेल, तर वजन सरासरी ३ किलो जास्त भरतं, एवढाच त्याचा वाटा. माझ्याकडं एक प्रत निघाली. म्हणजे फार तर दीड किलो. बाकीच्या किलोंचा हिशोब त्या पानांत नव्हता, कारण वजनाला असे शेकडो जीन थोडाथोडा हात लावतात आणि किट डीएनएमधली ठरावीक ठिकाणंच वाचतं. नियमित व्यायाम करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम कमी दिसतो, हेही वाचलं. सासूबाईंना नाही सांगितलं.

आणखी एक. असे अंदाज ज्या अभ्यासांवर बांधतात, ते बहुतेक युरोपातल्या लोकांवर झालेले. आपलं अंग वेगळं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. यडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, यडकिन यांची ९.१. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ झाला की जास्त वजन धरतात.

विसरलेच होते, नोंदणीच्या वेळी संशोधनासाठी डेटा वापरायची संमती वेगळी विचारतात. ती दिली नाही तरी रिपोर्ट मिळतो. घाईत सगळ्या चौकटींवर टिक मारत सुटू नका.

मधुमेहाच्या पानावर "जोखीम सरासरीपेक्षा थोडी जास्त" असं होतं. रिपोर्ट घेऊन आमच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी दोन पानं उलटली, बाजूला ठेवली, आणि कमरेला टेप लावायला सांगितला. बाईला ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणे. माझी बरीच बाहेर. मग गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी (एचबीए१सी) लिहून दिली. लॅब गल्लीच्या तोंडाशी. सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आकडा आला, ६.१. साडेसहाला मधुमेह धरतात. गोळी नाही दिली अजून, पण चटणीवरचं तेल त्याच दिवशी बंद झालं.